रकाना कोण आखते?

(जिल्ह्यातील महिला समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात, संगमनेर येथे केलेले भाषण. जागेअभावी थोडे संक्षिप्त.)



मला संगणकावर बोलायला सांगितले आहे, पण सुरुवात मी कागदापासून करते. याच संगमनेरात १९८८ साली समता आंदोलनाने परित्यक्ता परिषद घेतली. नवऱ्याने टाकलेल्या बायकांची मोजदाद हा त्या चळवळीचा पायाच होता. मोजायला लागले, कारण ही बाई कागदावर कुठेच नव्हती. कागदोपत्री ती विवाहित. रेशनकार्ड सासरी आणि ती स्वतः माहेरच्या ओसरीवर. जनगणनेत ‘विभक्त’ आणि ‘घटस्फोटित’ हे दोन वेगळे रकाने यायला २०११ साल उजाडावे लागले. जिला रकाना नाही तिची गणती नाही, आणि जिची गणती नाही तिच्यासाठी योजना नाही.

आता आमच्या केंद्राची गोष्ट. नोंदवह्या भिजल्या, वाळवी लागली, म्हणून आम्ही एकाकडून संगणकाचा प्रोग्राम करून घेतला. त्यात नवऱ्याचे नाव भरल्याशिवाय पान पुढे सरकत नसे. कुमारी माता आली, एकटी राहणारी आली, की आम्ही काय करायचो? वडिलांचे नाव ठोकून द्यायचो. एकदा एका मुलीच्या भावाविरुद्धच्या तक्रारीचा कागद छापला, तर त्यात बापच तिचा नवरा म्हणून आला. ती शिकलेली होती, तिने वाचले. काही बोलली नाही, कागद घडी करून परत दिला. ती पुन्हा केंद्रात यायला चार महिने लागले. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. त्यात लग्नाशिवायच्या नात्यालाही, बहिणीला, मुलीलाही संरक्षण आहे. कायद्याने मान्य केलेली बाई आमच्या प्रोग्रामला मान्य नव्हती!

दुरुस्ती करून मागितली तर पैसे सांगितले. पैसे जमवले, तोवर माणूस फोन उचलेनासा झाला. आतले लिखाण आमच्याकडे नव्हतेच. माहिती आमची, कुलूप त्याचे.

तेव्हा एका मैत्रिणीने पोस्टग्रेस दाखवले. हे माहिती साठवण्याचे, शोधण्याचे यंत्र म्हणा. १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले. १९९६ पासून ते पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने, जगभरातल्या माणसांच्या सहभागातून चालते. त्याचे सगळे मूळ लिखाण उघडे आहे. कोणीही वाचावे, बदलावे, फुकट वापरावे. आपल्या पुण्यातल्या अभियंत्यांचाही त्यात हात लागलेला आहे. एक गैरसमज आधीच काढते: उघडे असते ते यंत्राचे लिखाण. त्यात ठेवलेली बायांची माहिती उघडी नसते. तिचे कुलूप आपले, किल्ली आपली, आणि ती सांभाळायची जबाबदारीही आपलीच.

मी शिकत गेले. नवऱ्याच्या नावाची ती सक्ती म्हणजे ‘नॉट नल’ हे दोन शब्द, एवढेच होते! नवा तक्ता आखताना आम्ही ते लिहिलेच नाहीत. ‘नल’ म्हणजे माहीत नाही किंवा लागू नाही. शून्य वेगळे, कोरे वेगळे, आणि नल वेगळे. बाईला विचारले नाही आणि बाईने सांगितले नाही यांत फरक आहे, हे आपल्याला समुपदेशनात शिकवतात. तो फरक नुसत्या नलने भागत नाही, म्हणून त्यासाठी आम्ही वेगळा रकानाच केला.

मग वाटले, ज्याचे घेतले त्याला काही द्यावे. नव्या माणसाने तिथे काय करायचे? आल्या आल्या मोठे लिहायचे नसते. दुसऱ्याने सुचवलेली दुरुस्ती आपल्या संगणकावर लावून पाहायची, चाचण्या चालवायच्या, चालले की नाही ते नीट लिहून कळवायचे. माहितीपुस्तकातले वाक्य समजत नसेल तर सोपे करून सुचवायचे. सगळी चर्चा उघड होते. शेवटचा हात मात्र मोजक्या अनुभवी लोकांचाच लागतो.

मी माहितीपुस्तकातला एक परिच्छेद दुरुस्त करून पाठवला. तो तीन त्रुटी काढून परत आला. दोन दिवस मला जेवण गोड लागले नाही. मग लक्षात आले, त्रुटी कागदाला काढल्यात, मला नाही. आपल्याला बाई म्हणून बोलणी खायची इतकी सवय, की कामावरची टीकाही अंगावर येते. पुन्हा लिहिले, पुन्हा पाठवले.

आपल्या भाषेचा अनुभवही उपयोगी पडतो. आमच्या यादीत ज्ञानेश्वरी, क्षमा ही नावे शेवटी शोधली तर सापडत नसत. आम्ही यादी नेहमीच्या मांडणीवर सोडली होती आणि ती ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये घालत होती. ताई म्हणायच्या, नोंद नाही. मग त्याच बाईचे दुसरे कार्ड निघायचे, आणि तिला सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागायची. मराठी वर्णक्रम लावायची सोय २०१७ च्या आवृत्तीपासून आहे; ती वापरली. जिल्ह्याचे नाव २०२४ साली बदलले, तेव्हाही अहमदनगर आणि अहिल्यानगर असे दोन जिल्हे दिसू लागले होते. असल्या गोष्टी आपणच सांगू शकतो.

मघाशी एका ताईंनी विचारले, घरात फुकट राबतोच, आता इथेही फुकट का? प्रश्न रास्त आहे. तिथले पुष्कळ जण कंपन्यांच्या पगारावर हे काम करतात, हे आपल्याला माहीत असावे. मी आठवड्याला दोन तास देते, ठरवून देते, आणि शिकलेले केंद्रात वापरते. ज्या दिवशी नुसती हमाली होईल त्या दिवशी थांबेन. मानधनाच्या वाटाही आहेत. २००६ साली ग्नोम या अशाच प्रकल्पाच्या उन्हाळी कामासाठी १८१ अर्ज आले, त्यांत एकही बाई नव्हती. म्हणून त्यांनी बायकांसाठी मानधनासह वेगळा उपक्रम काढला. आजचा आउटरीची त्यातूनच उभा राहिला.

मला सी भाषा अजून अडखळत येते. एम.एस.डब्ल्यू.ला ती नव्हती! पण रकाने आखायचे काम तंत्रज्ञांवर सोडून आपण नुसते भरत बसलो, तर पुन्हा एखाद्या मुलीच्या कागदावर बाप नवरा होईल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या केंद्राचा नोंदणी अर्ज आणावा. त्यातला कोणता रकाना कोणत्या बाईला बाहेर ठेवतो, ते आपण एकत्र बसून तपासू.