रात्री श्वास घेणारं झाड



मागच्या वेळी आपण कुंडीतल्या झाडांवर बोललो, त्यानंतर सिडकोतून एका ताईंचा फोन आला. त्यांच्या नातीच्या पुस्तकात वाळवंटाचं चित्र आहे. मधोमध एक भलंमोठं हिरवं झाड, खांबासारखं सरळ, आणि दोन्ही हात वर केलेले. नातीनं विचारलं, "आजी, हे आपल्या डोंगरावरचं निवडुंगच ना?" आजी हो म्हणाल्या, पण मनात शंका राहिली, म्हणून त्यांनी मला फोन केला.

ताई, तुमचं उत्तर निम्मं बरोबर आहे. आपण मराठीत दोन अगदी वेगळ्या घराण्यांना एकाच नावानं हाक मारतो. बांधावर, कुंपणाला जे त्रिधारी निवडुंग किंवा शेर लावतात, ते एरंडाच्या कुळातलं. मोडलं की पांढरा चीक निघतो. दुसरं फड्या निवडुंग. एकावर एक थापलेल्या भाकरीसारखे त्याचे फडे, आणि त्याला लाल बोंडं येतात. लहानपणी ती खाऊन जीभ लाल करून घेतली नाही अशी खेड्यातली बाई विरळाच. फड्या मूळचं अमेरिका खंडातलं, खरं कॅक्टसच्या कुळातलं, आणि त्याला चीक नसतो. नातीच्या चित्रातलं झाड या फड्याच्या नात्यातलं आहे, शेराच्या नाही. दोघं दिसायला सारखी, कारण दोघांनाही कमी पाण्यात दिवस काढायचे होते. गरज सारखी असली की अंगकाठीही सारखी होत जाते.

ओळखायचं कसं? मोडून बघू नका. काटे बघा. कॅक्टसचे काटे लव असलेल्या बारीक गादीतून झुबक्यानं निघतात. काटेरी निवडुंगाचे काटे बहुधा जोडीजोडीनं असतात, आणि शेराला तर काटेच नसतात. हा फरक पुस्तकी नाही बरं का. त्या पांढऱ्या चिकाचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, प्रचंड आग होते, बुबुळाला इजा होऊन काही दिवस दिसायचंही कमी होतं. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी कुंपण छाटताना त्याच हातानं घाम पुसला आणि पंधरा दिवस डोळ्याला पट्टी बांधून काढले. असं झालं तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्यानं डोळा बराच वेळ धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तूप, दूध, मध, काही घालू नका. हाच चीक आयुर्वेदात क्षारसूत्राच्या दोऱ्याला लावतात हे खरं, पण ते वैद्यांचं काम.

आता नातीच्या चित्रातलं झाड. त्याचं नाव सवारो. स्पेलिंगमध्ये 'ग' आहे, पण तो उच्चारत नाहीत. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य आणि त्याला लागून मेक्सिकोतलं सोनोरा, मुख्यतः याच मुलखात ते आपणहून उगवतं. चाळीस फूट उंची तर सहज, म्हणजे तीन-चार मजली इमारत. पण वाढ किती संथ! पहिल्या आठ वर्षांत एक-दीड इंच. पहिलं फूल साधारण पस्तिशीत. आणि ते हात? ते फुटायला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. ज्या सवारोला आज पहिला हात फुटतोय, त्यातली काही झाडं उगवली तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून दोन-चार वर्षंच झाली होती. सगळं नीट झालं तर हे झाड दीडशे वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतं.

लहानपणी त्याला ऊन सोसत नाही. म्हणून जे रोप दुसऱ्या झाडाच्या सावलीत पडतं, तेच बहुतेक वाचतं. ते झाड त्याला उन्हापासून आणि थंडीपासून सांभाळतं. तिकडचे अभ्यासक त्याला दाईचं झाड म्हणतात. त्यात एक मेस्किट असतं, आपल्या वेड्या बाभळीच्या भावकीतलं. पुढे सवारो मोठं होतं, दाईच्या मुळांजवळचं पाणी ओढतं, आणि बरेचदा दाई आधी वाळते. हे ऐकून कुणाला कोण आठवेल ते आठवो, झाडांवर मात्र आपले घरचे हिशेब लादू नयेत.

त्याच्या अंगावर उभ्या चुण्या असतात, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. पाऊस पडला की भाता फुलतो, पाणी संपत आलं की मिटतो. मुळं खोल नसतात. एक मधलं मूळ सोडलं तर बाकीची मातीच्या वरच्या पाच-सहा इंचांत, पण झाड जितकं उंच तितकी लांब पसरलेली. एखादी सर आली तरी ते पाणी पकडायचं. भरलेलं मोठं झाड दोन टनांच्या आसपास जातं.

पण नुसतं पाणी साठवून भागत नाही, साठवलेलं टिकवावंही लागतं. खरी गंमत इथेच आहे. झाडाच्या अंगावर बारीक रंध्रं असतात. त्यांतून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यापासून आपलं अन्न बनवतं. पण रंध्र उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन जातं, मे महिन्यात गच्चीवर वाळत घातलेल्या साडीसारखं. म्हणून सवारो दिवसा दारं लावून बसतं. रात्री हवा निवली की दारं उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवतं. दिवसा दार बंद, आत सूर्यप्रकाशावर साखर बनवायचं काम चालू. रात्री किराणा भरायचा आणि दिवसा दार लावून स्वयंपाक करायचा, असा त्याचा संसार.

ही युक्ती एकट्या सवारोची नाही. कोरफड, घायपात, अननस, ड्रॅगन फ्रूट, सगळे हेच करतात. पानफुटीही करते. आणि तिची गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांनी भारतातल्या आपल्या बागेत पानफुटीचं पान चावून बघितलं. सकाळी ते चुक्यासारखं आंबट लागलं, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. रात्री साठलेलं आम्ल दिवसभरात वापरलं जातं म्हणून असं होतं, हा उलगडा बराच नंतर झाला. पण त्यांनी लिहून ठेवलं आणि १८१५ साली ते लंडनमध्ये छापून आलं. तुम्ही मात्र चाखायला जाऊ नका, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. हाइनसाहेबांनी आपल्यासाठी चाखून ठेवलंय, तेवढं पुरे.

सवारोचं फूलही रात्रीचं. एप्रिल ते जूनमध्ये शेंड्यावर पांढरी, मेणासारखी फुलं रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. रात्री मध प्यायला लांब नाकाची वटवाघळं येतात. त्यांत माद्या असतात, पोटुशा किंवा लेकुरवाळ्या. मेक्सिकोतून उत्तरेला येताना वाटेत जसजशी फुलं फुलत जातात तसतशा त्या पुढे सरकतात. ही वटवाघळं इतकी कमी झाली होती की १९८८ मध्ये अमेरिकेनं त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. राखण केल्यावर संख्या वाढली आणि २०१८ मध्ये नाव यादीतून काढलं. सकाळी त्याच फुलांवर पारवे आणि मधमाश्या येतात.

फळं पिकतात ती जून-जुलैमध्ये, पावसाच्या तोंडावर. हो, तिकडेही जुलैमध्ये पाऊस येतो आणि त्याला मान्सूनच म्हणतात. एकेका फळात दोन हजारांच्या आसपास बिया. तोहोनो ओओधाम नावाचे तिथले मूळ रहिवासी आहेत. त्यांच्या बायका मेलेल्या सवारोच्या आतल्या लाकडी काठ्या जोडून लांब आकडी करतात आणि फळं पाडतात. गर उकळून काकवीसारखा पाक करतात. गर काढलेलं साल लाल बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात, पाऊस लवकर यावा म्हणून. आपल्याकडे धोंडी काढतात ना, त्यातलंच हे मागणं. त्यांचं नवं वर्षही याच सुमारास लागतं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय ते. सवारोचा सगळा डाव रात्रीवर आहे. रात्र निवली तर दारं उघडतील. २०२३ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ अंशांवर गेला. दिवसाच्या उन्हाची सवारोला सवय आहे. पण कित्येक रात्री पारा ३२ च्या खाली उतरलाच नाही. सिमेंट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहिलं. त्या उन्हाळ्यात शहरातल्या सवारोंचे हात गळून पडले, काही उभी झाडं कोसळली. तिथल्या वनस्पती उद्यानातल्या अभ्यासकांनी सांगितलं, रात्री थंड न झाल्यानं झाडांना श्वास घेता येईना. दीडशे वर्षांचा हिशेब एका महिन्याच्या गरम रात्रींनी मोडला.

आपल्या क्रांती चौकात मे महिन्यात रात्री दहाला घराच्या पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. तव्यासारखी तापलेली असते. लहानपणी गच्चीवर गाद्या घातल्या की पहाटे पांघरूण ओढावं लागायचं, ते अलीकडे कुणाला ओढावं लागतंय? आपण दुपारचा आकडा पेपरात वाचतो, रात्रीचा कुणी वाचत नाही. घरात तान्हं बाळ किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याच्या खालीच छापलेलं 'किमान तापमान' वाचायची सवय लावा. दिवसभर तापलेलं अंग निवायला त्यांनाही रात्रच लागते.

शेवटी ब्रह्मकमळाबद्दल, कारण त्याचे फोन दर पावसाळ्यात येतात. आपल्या घरी रात्री उमलतं, ज्याला हळदकुंकू वाहतो आणि शेजारणींना बोलावून दाखवतो, ते ब्रह्मकमळ म्हणजे कॅक्टसच. सवारोचं दूरचं नातेवाईक. हिमालयातलं, उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं ब्रह्मकमळ वेगळं. आपलं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतून आलेलं, झाडांच्या फांद्यांवर सावलीत वाढणारं. ज्याला आपण पान म्हणतो ते चपटं झालेलं खोड आहे, म्हणून तर 'पानाच्या' कडेतून फूल येतं. पूजा जरूर करा. पण एखाद्या घरी फूल आलं नाही म्हणून नव्या सुनेच्या पायगुणावर बोट ठेवलेलं मी ऐकलंय, ते मात्र बंद करा. फूल न येण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात, कुंडी चुकीच्या जागी असते किंवा झाड अजून लहान असतं.

कॅक्टस म्हणून त्याला गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवू नका. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली, तापणाऱ्या भिंतीपासून दूर. माती भुसभुशीत, पाणी साचू न देणारी. नवं रोप करायचं तर कोवळा तुकडा नको, जून पान वीतभर कापून घ्या, तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्या आणि मग दोन बोटं खोल खोचा. फूल यायला दोन-तीन वर्षं धरून चाला. कळी फुगून तिचं टोक वर वळलं की समजा आज-उद्या. रात्री आठ-नऊला उमलायला लागतं, मध्यरात्री पूर्ण फुलतं आणि सकाळी मान टाकतं, तेव्हा शेजारणींना निरोप संध्याकाळीच धाडा.