उत्तर काढू नका, पुरेसं आहे का ते सांगा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दर शनिवारी मी शिरूरला आणि रविवारी दौंडला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना गणित शिकवतो. निवृत्त शिक्षकाला दुसरं काय येणार? शिरूरहून न्हावरे, चौफुला असं जाताना पुढे उसाच्या ट्रॉल्या असल्या, की विचाराला वेळच वेळ मिळतो. वर्गात शेतकऱ्यांची मुलं असतात, रांजणगावच्या कारखान्यात पाळी करून येणारी असतात, दौंडला रेल्वेवाल्यांची आणि राखीव पोलीस दलातल्या जवानांचीही असतात.

या मुलांना बीजगणिताची भीती नाही. 'क्ष' मानला, समीकरण मांडलं, की गाडी सुटते. अडतात ती एकाच प्रकारच्या प्रश्नाला. त्याला 'डेटा सफिशियन्सी' म्हणतात, म्हणजे माहिती पुरेशी आहे की नाही ते ठरवणं. बँकांच्या परीक्षांत असे प्रश्न येतात. संघ लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये आणि आपल्या राज्य आयोगाने २०१३ मध्ये 'सीसॅट'ची प्रश्नपत्रिका आणली, त्यातही ते दिसू लागले. ऐंशी प्रश्न, एकशेवीस मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट, आणि चुकलं तर गुण कापले जातात.

एक उदाहरण सांगतो. बाजारात मेथीची जुडी पंधरा रुपयांना, कोथिंबिरीची आठ रुपयांना. एका बाईंनी दोन्ही घेतल्या. मेथीच्या जुड्या किती? विधान पहिलं: एकूण शंभर रुपये झाले. विधान दुसरं: एकूण जुड्या नऊ होत्या. आता उत्तर काढायचं नाही. कोणतं विधान पुरेसं आहे, एवढंच सांगायचं.

बहुतेक मुलं म्हणतात, "सर, दोन्ही लागतील. दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं." चूक! जुडी अर्धी मिळत नाही. शंभरातून मेथीचे पैसे वजा केल्यावर उरलेल्या रकमेला आठाने पूर्ण भाग गेला पाहिजे. एक मेथी धरा, पंच्याऐंशी उरतात. भाग जात नाही. दोन, तीन करून पाहा. चारला चाळीस उरतात, म्हणजे कोथिंबिरीच्या पाच. पाच, सहा मेथीला पुन्हा जमत नाही. म्हणजे पहिलं विधान एकटंच पुरेसं आहे. पूर्णांकांतच उत्तर हवं असलेल्या अशा समीकरणांसाठी भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त कुट्टकाची रीत सांगितली आहे. आपल्याला इथे नुसती बोटं मोजूनही भागतं.

आता उलटं पाहा. दोन किलो कांदे आणि तीन किलो बटाटे मिळून एकशेतीस रुपये. चार किलो कांदे आणि सहा किलो बटाटे मिळून दोनशेसाठ. कांद्याचा भाव काय? समीकरणं दोन आहेत, पण दुसरं हे पहिल्याचीच दुप्पट आहे. नवीन काहीच कळलं नाही. उत्तर: माहिती अपुरी.

आणखी एक खोड सांगतो. दुसरं विधान एकटं तपासताना मुलं पहिल्यातली माहिती नकळत वापरतात. म्हणून मी सांगतो, पहिलं विधान हाताने झाका आणि मगच दुसरं वाचा. आणि प्रश्न 'हो की नाही' असा असेल, तर ठाम 'नाही' आलं तरी माहिती पुरेशीच असते.

श्रोतेहो, हे सगळं मी फळ्यावर शिकवत होतो, पण स्वतः शिकलो नव्हतो. काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातला एक हुशार मुलगा थोडक्या गुणांनी राहिला. त्याचे वडील भेटायला आले. म्हणाले, "गुरुजी, याला अजून एक वर्ष थांबवू, का रांजणगावला कामाला लावू?" मी तडक म्हणालो, "थांबवा. यंदा नक्की होणार."

कशाच्या आधारावर? माझ्याजवळ एकच विधान होतं: पोरगा माझ्या वर्गात सगळ्यांच्या आधी गणितं सोडवतो. जागा किती निघतील, परीक्षा वेळेवर होईल का, घरात पैसा किती शिल्लक आहे, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. एकाची दोन वर्षं झाली, एक म्हैस विकली गेली आणि मुलगा पुन्हा राहिला. वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. चहा पाजूनच परत पाठवलं. तो चहा अजून आठवतो.

'गुरुजी, मला माहीत नाही' म्हणायला मला कमीपणा वाटला होता. शाळेत आपण 'येत नाही' म्हणणाऱ्याला उभं करतो ना! पण 'माहिती अपुरी' हे 'येत नाही' नव्हे. ते तपासून दिलेलं उत्तर आहे. तेवढं बोललो असतो, तर किती धोका पत्करायचा हे त्या माणसाने स्वतः ठरवलं असतं.

मुलगा आता कारखान्यात कामाला आहे आणि रात्री अभ्यास करतो. मध्यंतरी चौफुल्याला त्याचे वडील भेटले. धाकटी बारावीला आहे. म्हणाले, "गुरुजी, हिचं काय करू?" मी म्हटलं, "बसू या जरा. आधी आपल्याला काय माहीत आहे ते एका बाजूला लिहू आणि काय माहीत नाही ते दुसऱ्या बाजूला." त्यांनी हॉटेलवाल्याकडून कागद मागून घेतला. दुसरी बाजू आधी भरली.