टीसी काढण्याआधी



मला इथं बोलायला सांगितलं तेव्हा वाटलं, मी काय बोलणार? माझं तर एक वर्ष वाया गेलंय. मग म्हटलं, तेच सांगूया.

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा. बेळगावात बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं. मार्क बरे होते, पण बोर्डावरची नोटीस दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ यायची. म्हणून दुसऱ्या वर्षाला कोल्हापूरला जायचं ठरवलं. बाबा म्हणाले, "जा की, आपलंच हाय ते." मलाही तसंच वाटलं. तिथंच चुकलो.

"आपलंच" म्हणून मी काही न विचारता आधी टीसी काढली. कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरच्या कॉलेजात गेलो. तिथल्या क्लार्कनं कागद चाळले. "मायग्रेशन कुठाय? एलिजिबिलिटी? सिलॅबसची प्रत?" मी म्हटलं, "सर, मी मराठीच आहे." तो म्हणाला, "ते बरोबर आहे, पण कागद कर्नाटकचे आहेत ना."

त्या माणसाचा राग आला नाही. तो खरंच बोलत होता. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. २००४ मध्ये दावा सुप्रीम कोर्टात गेला. निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर आपला प्रत्येक दाखला तिकडं परराज्याचा. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. दोन्हीकडचे पेपर सारखे नाहीत. माझ्या दोन विषयांना तिकडं जोड मिळाली नाही. जुन्या कॉलेजात परत गेलो, तर जागा गेलेली. शेवटी पुढच्या वर्षी पहिल्यापासून एफवायला बसलो.

म्हणून सांगतो. टीसी सगळ्यात शेवटी काढा. आधी सिलॅबस आणि मार्कशीट घेऊन नव्या कॉलेजात जा. कुठले विषय चालतील, दुसऱ्या वर्षाला घेणार का, ते लेखी घ्या. मग मायग्रेशनचा अर्ज. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्स घरी ठेवा.

बारावीवाल्यांनो, महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात सीमाभागाच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. त्याला ८६५ गावांपैकी गावचा असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. तेव्हा आज घरी गेल्यावर शाळेचा दाखला काढून मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. चुकलं असेल तर आत्ताच शाळेत जा, प्रवेशाच्या आदल्या दिवशी नको.

एका मित्रानं विचारलं होतं, "लढा सोडून पळालास काय रे?" त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. आज सांगतो. शिकायला जाणं म्हणजे पळणं नव्हे. पण गावातली सगळीच पोरं गेली आणि कुणी परत फिरलंच नाही, तर मराठी शाळेत पोरं कुणाची बसणार? तो प्रश्न माझ्यापुढंही आहे. तोवर मी सुट्टीत गावी येतो आणि पोरांचे अर्ज भरून देतो. गेल्या जूनमध्ये तिघांचे भरले. तिघांनीही टीसी शेवटी काढली. एकाचंही वर्ष गेलं नाही.

कुणाला कागद दाखवायचे असतील तर कार्यक्रम संपल्यावर थांबा. मी हाय इथंच.

जय महाराष्ट्र.