सवलतीवर सवलत

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन डोळ्यांसमोर ठेवून पळायला लागलेली बरीच मंडळी पहिल्यांदा अडखळतात ती बुटांच्या किमतीपाशी.

समजा, जोड 5000 रुपयांचा आहे. सेलमध्ये 20 टक्के सूट मिळाली की तो 4000ला येतो. त्यावर 10 टक्क्यांचं कूपन चाललं तर 3600. कार्डावर 5 टक्के कॅशबॅक असेल तर आणखी 180 रुपये परत, म्हणजे बूट पडले 3420ला. टक्क्यांची बेरीज 35 होते, पण बचत 31.6 टक्केच, कारण प्रत्येक सवलत उरलेल्या रकमेवर लागते. तरी 1580 रुपये वाचले, हे काही थोडे नाहीत!

अटी मात्र नीट वाचा. कॅशबॅकला बहुधा कमाल मर्यादा असते, आणि बूट परत केले तर तोही सहसा परत जातो. म्हणून बूट आधी दुकानात, संध्याकाळी घालून माप बघा. तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं, तर व्याज ही सगळी बचत गिळतं.

मला विचाराल, तर मागच्या वर्षीचं मॉडेल घ्या. नवं आलं की जुनं स्वस्त होतं, आणि सरावाला ते तितकंच चालतं.