चामखिळीवर तारीख नसते



वेळापत्रकात माझ्या सत्राचं नाव 'आरोग्य संवाद' असं छापलंय. खरं नाव छापायला संयोजकांना संकोच वाटला असावा. विषय आहे जननेंद्रियांवर येणाऱ्या चामखिळी. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आमच्या वस्तीत एक निकाह याच कारणावरून मोडायला आला होता. लग्नानंतर पाच महिन्यांनी मुलीला चामखिळी आल्या. सासरचे म्हणाले, माहेराहून घेऊन आली. माहेरचे म्हणाले, जावई बाहेर जातो. दोन्हीकडचे बुजुर्ग बसले, तलाकची भाषा झाली. तोवर डॉक्टरकडे मात्र कुणीच गेलं नव्हतं! तेव्हापासून मी याबद्दल वाचतोय, डॉक्टरांना विचारतोय.

या चामखिळी ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्हीमुळे येतात. त्याचे शंभरावर प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळींमागे ६ आणि ११ हे दोनच प्रकार असतात. कातडीला कातडी लागून, बहुतेक वेळा शरीरसंबंधातून तो पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, पण झाकली न जाणारी कातडी उरतेच. खतना झालेल्याला हे होत नाही, हा समज चुकीचा आहे.

आता मुद्द्याचं. लागण झाल्यापासून चामखीळ दिसायला काही आठवडे लागतात, कधी अनेक महिने, कधी वर्षाहून जास्त. कित्येकांना ती कधीच येत नाही, तरी त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की लॉग उघडतात, कधी काय झालं ते वेळेसकट कळतं. शरीर असा लॉग ठेवत नाही. विषाणू कुणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी तपासणी नाही. चामखिळीवरून कुणाचा गुन्हा ठरत नाही, आणि कुणी पाक आहे हेही सिद्ध होत नाही. बुजुर्गांनी फैसला करावा असा पुरावाच तिथे नसतो. आणि बोट आधी सुनेकडे जातं, हे तुम्हाला माहीत आहे.

दिसलेली प्रत्येक गाठ चामखीळ नसते. लिंगाच्या टोकाभोवती रांगेत बारीक मोत्यासारखे दाणे अनेक पुरुषांना असतात, ते नैसर्गिक असतात. उलट सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात चामखिळीसारखेच चपटे, ओले उंचवटे येतात. त्यावर पेनिसिलिन लागतं, चामखिळीचं औषध नव्हे. म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, सोबत एचआयव्हीचीही तपासणी सुचवतात. त्यात अपमान काही नाही.

उपचार बरेच आहेत. द्रवरूप नायट्रोजनने गोठवणं, अॅसिड लावणं, विजेने जाळणं, कापणं, हे डॉक्टर करतात. इमिक्विमोड किंवा पोडोफायलोटॉक्सिन हे डॉक्टरांनी लिहून दिल्यावर घरी लावता येतं. गर्भवतीने ही दोन्ही लावायची नाहीत, तिच्यासाठी गोठवण्यासारखे पर्याय आहेत. मेडिकलमधलं हातापायाच्या चामखिळीचं औषध इथे चालत नाही. चुना-सोडा तर मुळीच नको, नाजूक कातडी जळते. चामखिळी असेपर्यंत नाभीखालचे केस काढताना रेझर फिरवू नका, कापलेल्या कातडीतून त्या आजूबाजूला पसरतात. कात्रीने बारीक करा.

हे सगळे उपचार चामखीळ काढतात, विषाणू नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत त्या पुन्हा येणं नेहमीचं आहे. घाबरून डॉक्टर बदलत बसू नका. बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला आटोक्यात आणतं. 'जडसे खतम' अशी भिंतीवर जाहिरात करणारे हकीमसाहेब या आपोआप बरं होण्याचेच पैसे घेतात, असं माझं मत आहे.

कॅन्सरचं विचारलं जातंच. ६ आणि ११ मुळे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होत नाही. तो बहुतेक वेळा १६ आणि १८ मुळे होतो. पण एकाच व्यक्तीला अनेक प्रकार असू शकतात, म्हणून तिशीनंतर बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी, चामखीळ असो वा नसो.

लस या चारही प्रकारांवर आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तीही ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, नुसतं त्याच्यासारखं कवच असतं. मुस्लिमबहुल मलेशियात २०१० पासून १३ वर्षांच्या मुलींना एचपीव्हीची लस शाळेतच देतात. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस सुरू केली. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत पहिल्यांदा येणाऱ्या २१ वर्षांखालच्या तरुणींमध्ये चामखिळींचं प्रमाण ११.५ टक्के होतं, ते २०११ पर्यंत एक टक्क्याच्या खाली आलं. मुलांना तेव्हा लस नव्हती, तरी त्यांच्यातही घटलं. आलेल्या चामखिळी मात्र लसीने जात नाहीत, ती लागण होण्याआधी घ्यायची. १४ वर्षांपर्यंत दोन डोस, १५ पासून तीन.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये सल्ला आणि उपचार मोफत मिळतात. नवराबायकोने एकत्र जावं. आता चिठ्ठ्या फिरवतोय, त्यावर प्रश्न लिहा, नाव लिहू नका. डॉक्टरताई इथेच आहेत, त्या उत्तरं देतील.