प्रॉप फर्मची फी भरण्याआधी

कॉलेजातली मुलं हल्ली विचारतात, "बाबा, प्रॉप फर्मच्या चॅलेंजची फी भरू का?" आधी फर्म कशावर चालते ते बघा. बऱ्याच परदेशी फर्म सीएफडीवर चालतात, आणि अमेरिकेत सामान्य गिऱ्हाइकाला सीएफडी विकायला बंदी आहे. २०२३ मध्ये सीएफटीसीने माय फॉरेक्स फंड्सवर खटला भरला. २०२५ मध्ये कोर्टाने तो फेटाळला खरा, पण मधल्या काळात अनेक फर्मनी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना दार बंद केलं.

मग कुणी सुचवतं, व्हीपीएन लावा, पुण्याच्या काकांचा पत्ता द्या. नका देऊ! फी लगेच घेतात, ओळखपत्र बहुधा नंतर मागतात.

एक्स्चेंजवरच्या फ्युचर्सच्या फर्म इथे चालतात. त्यांचेही तोट्याच्या मर्यादेचे नियम मुलांसोबत बसून वाचा.