पिशवी काढण्याआधी सरकार कुठं होतं?

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला विषय दिलाय 'आरोग्य सेवा आणि शासनाची जबाबदारी'. १९४६ च्या भोर समितीपासून सुरुवात केली तर आपली जेवणाची वेळ टळेल. म्हणून मी एकाच अवयवाबद्दल बोलणार आहे. गर्भाशय. आपण जिला पिशवी म्हणतो ती.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची बातमी तुम्ही वाचली असेल. २०१९ साली विधिमंडळात प्रश्न निघाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचं प्रमाण ३.३ टक्के आहे, म्हणजे तीस जणींमागे एक. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, तेव्हा आकड्याला आकडा लावून भांडू नये. पण एवढा मोठा फरक नुसत्या पद्धतीमुळे पडत नाही.

बातम्यांमध्ये दोन गुन्हेगार सापडले. एक लोभी डॉक्टर, दुसरा मुकादम. दोघंही आहेतच. तिसऱ्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही, कारण तो तिथं हजरच नव्हता. गैरहजर राहणं हाच त्याचा गुन्हा.

या बाईचं वर्ष कसं जातं बघा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको निघतात. जोडप्याला तिथं नावच 'कोयता'. माणूस नाही, हत्यार! पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, कारखान्याच्या आसपास कोपी घालून पाच-सहा महिने राहायचं. अंधार असतानाच फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांब. पाळीत कापड बदलायला आडोसा नाही. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. मग अंगावरून पांढरं जायला लागतं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. यातलं बरंचसं दुखणं जंतुसंसर्गाचं असतं, ते औषधानं बरं होतं. जास्त रक्तस्राव होत असेल तर त्यालाही आधी गोळ्या आहेत, तांबीसारखं आत बसवायचं औषधी साधन आहे. शस्त्रक्रिया हा या वाटेवरचा शेवटचा थांबा. आमच्या बाईला मात्र तो पहिलाच लागतो.

ती सरकारी दवाखान्यात का जात नाही? कागदावर सगळं आहे. ५,००० लोकसंख्येला उपकेंद्र, ३०,००० ला प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी-डोंगरी भागात त्याहून कमी लोकांमागे. पण ही सगळी आखणी माणूस एका गावात बसून राहतो असं धरून केलेली आहे. जिथं तिचं नाव नोंदलंय तिथं ती अर्धं वर्ष नसते. जिथं असते तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. बाह्यरुग्ण विभाग उघडतो तेव्हा ती फडात असते. तरी एखादी पोचलीच, तर तपासायच्या खोलीला पडदा नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाचं पद रिकामं. चार गोळ्या हातात पडतात. खासगी डॉक्टर तिला निदान बसायला सांगतो, सोनोग्राफी करतो, पडद्यावर काहीतरी दाखवतो आणि म्हणतो, गाठ आहे, पुढं कॅन्सर होईल. ती घाबरते, कर्ज काढते. तिला अडाणी म्हणू नका. दर महिन्याचा खाडा, दंड, दुखणं आणि एकदाची शस्त्रक्रिया असा हिशेब तिनं मांडलेला असतो. पण बीजकोशही काढले तर ऐन पस्तिशीत पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हे त्या हिशेबात नसतं. तेवढं तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

आता सरकार आणि पिशवी यांचं जुनं नातं. आपल्या यंत्रणेनं बाईला पाहिलं ते मूल होणारी किंवा मूल थांबवायची बाई म्हणून. १९९६ पर्यंत नर्सबाईंना नसबंदीचं उद्दिष्ट असायचं. त्या वर्षी ते देशभर काढलं, निदान कागदावरून. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरच्या नसबंदी शिबिरांनंतर तेरा बायका गेल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा. ऊसतोडीतल्या मुलीचं लग्न लहान वयात होतं, पंचविशीच्या आत नसबंदीही उरकते. मग यंत्रणेच्या लेखी ती संपली. घरचे म्हणतात, पोरं झाली, आता पिशवीचं काय काम? डॉक्टरही तेच म्हणतो. सरकार तोंडानं म्हणत नाही, पण त्याच्या नोंदवहीत तिच्यासाठी पुढचा रकानाच नाही.

सुधारणा म्हणून काय आलं, तर विमा. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचं संरक्षण होतं. २०१२ पर्यंत छत्तीसगडातून आणि बिहारच्या समस्तीपूरमधून बातम्या यायला लागल्या, कार्डावर सरसकट पिशव्या काढल्या जाताहेत म्हणून. नवल काय त्यात! विमा दवाखान्यात दाखल झाल्यावर, शस्त्रक्रियेला पैसे देतो. पांढरं जाण्याबद्दल बाईशी अर्धा तास बोलणाऱ्या नर्सला तो काही देत नाही. विमा नको असं मी म्हणत नाही. पण दुकानदाराला पैसे चुकते करणं म्हणजे सेवा देणं नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेऊ. २०२५ उलटलं, आपण तिथवर पोचलो नाही.

आणि नियम? बीडमध्ये २०१९ पासून खासगी रुग्णालयाला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी लागते. २०२२ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या राज्यांना लागू करायला सांगितल्या. मी या नियमांचं स्वागत करते, पण थोडं बिचकत. नियम एकाच जिल्ह्यात कडक असेल तर गाडी शेजारच्या जिल्ह्यात जाऊ शकते. जिला खरंच शस्त्रक्रियेची गरज आहे तिला सहीसाठी हेलपाटे पडू शकतात. बाईच्या शरीराची परवानगी साहेबाकडे, हेही मला खुपतं. १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा सगळं सरकारी परवानगीनंच चाललं होतं. विरोध करायला रस्त्यावर आल्या त्या संघटनांच्या बायका. म्हणून सही पुरेशी नाही. आधी कोणते उपचार केले आणि त्यांचा गुण का आला नाही, हे लिहिलेला कागद बाईच्या हातात हवा.

बीडमध्ये आता निघण्याआधी आणि परतल्यावर तपासणी होते. हे चांगलंच. पण मधल्या सहा महिन्यांचं काय? आपली मागणी तिथं आहे. कोप्यांवर संडास आणि पाणी, संध्याकाळी फिरता दवाखाना, त्यात बाई डॉक्टर, आणि ज्या तालुक्यात तोडणी आहे तिथल्या आशाताईंना या बायकांच्या नोंदणीचं काम व त्याचा वेगळा मोबदला. आणि तुमच्या गावातल्या खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक आहे का ते बघा. २०२१ च्या नियमांनुसार ते लावावंच लागतं.

गाड्या निघायच्या आत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्यायचा आहे. मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. वाचून घ्या, जे पटत नाही ते खोडा, आणि मग सही करा.